कच्च्यात ठेवलेलं नाव

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलीस स्थापना दिन येतो आणि आजूबाजूच्या शाळांतली पोट्टी आमचं ठाणं पाहायला येतात. बंदुका पाहायच्या, बेडी हातात अडकवून घ्यायची, लॉकअपच्या गजांमागे उभं राहून दात काढायचे आणि बिस्किटाचा पुडा घेऊन परत जायचं, असा तो कार्यक्रम. त्यात अर्धा तास भाषणाचा असतो. ते भाषण कायम माझ्याच गळ्यात पडायचं, कारण मला बोलायची लय हौस. मी तेव्हा सहायक फौजदार होतो, निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ठाण्यातले पोरं म्हणायचे, "याले बोलू द्या बुवा, नाही तर याचं पोट दुखते." खोटं कायले सांगू, दुखायचंच.

भाषण पाठ होतं. आधी गावचा पाटील आणि त्याच्या हाताखालचा जागल्या, मग निजामाचं राज्य, मग इंग्रज. सत्तावनच्या बंडानं इंग्रज घाबरला आणि अठराशे एकसष्टला त्यानं पोलिसांचा कायदा केला, तो लोकांच्या रक्षणासाठी नाही तर स्वतःच्या, हे मी मुद्दाम आवाज चढवून सांगायचो. मग आपलं वऱ्हाड कधी मध्यप्रांतात, कधी मुंबई राज्यात, शेवटी महाराष्ट्रात. टोपी बदलली, हाफपँटची फुलपँट झाली, पण ठाणं तिथंच राहिलं. मग खालून वर जिना चढायचो: शिपाई, हवालदार, सहायक फौजदार, फौजदार, ठाणेदार, त्यांच्यावर उपविभागाचे साहेब, त्यांच्यावर यवतमाळला एस.पी. साहेब. पोट्ट्यांना खांद्यावरच्या पट्ट्या आणि तारे मोजायला लावायचो. पोरं खूश, मास्तर खूश, मी तर सगळ्यात जास्त खूश.

आणि शेवटी माझा आवडता भाग. मी टेबलावरचं जाडजूड रजिस्टर दोन्ही हातांनी उचलून धरायचो आणि म्हणायचो, "बंदूक पोलिसाची ताकद नाही बरं का. ही पोलिसाची ताकद. यात एकदा नाव चढलं, की ते एस.पी. साहेबाच्या बापालाही खोडता येत नाही. इंग्रजाच्या काळापासून एकेक रजिस्टर ठाण्यातच राहते, कुठं जात नाही. गरिबाचं नाव असो का श्रीमंताचं, इथं दोघांची ओळ सारखीच." या वाक्यावर मास्तर लोक हमखास टाळ्या वाजवायचे.

हे वाक्य मी उगाच बनवलं नव्हतं. माझा आजा गावचा जागल्या होता. रात्रभर गावाची राखण करायचा आणि गाव त्याला नावानं हाक सुद्धा मारत नसे, 'ए जागल्या' म्हणायचे. सन छप्पनला आमच्या घरानं दीक्षा घेतली, बाप शाळेत गेला, मी खाकी घातली, छातीवर नावाची पट्टी लावली. नाव लिहिलं जाणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून तर पुढचं सांगायला मला जड जाते.

त्या वर्षी मुकुटबनकडच्या एका आश्रमशाळेची पाचवीची पोरं आली होती. मी रजिस्टर उचललं, वाक्य म्हटलं, मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक पोरगी उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी, एक सुटलेली.

"सर, ते हरवलेल्या माणसाचं रजिस्टर होय का?"

"हाव, हे मिसिंगचंच. शाबास, चांगलं विचारलंस."

"मंग माह्या आत्याचं नाव दाखवा ना."

मी हसत म्हटलं, "काय नाव आहे आत्याचं?" तिनं नाव सांगितलं. मग पोडाचं नाव सांगितलं. पोड म्हणजे आमच्याकडं कोलाम आदिवासींची वस्ती, जंगलाच्या कडेला पंधरावीस घरं. ते दोन शब्द ऐकले आणि ती कोणाबद्दल विचारते आहे ते मला कळलं. पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, तीस वर्षांच्या नोकरीत तेवढं तर येतेच.

"आजोबाजवळ कागद आहे," पोरगी म्हणाली. "त्याच्यावर शिक्का आहे. या ठाण्याचा."

सगळी पोरं माझ्याकडे पाहू लागली. मी रजिस्टर उघडलं आणि पानं उलटू लागलो. काय शोधत होतो? मला चांगलं ठाऊक होतं की त्यात ते नाव नाही. तरी बोट ओळींवरून फिरवत राहिलो, ओठ हलवत राहिलो, देवळात मंत्र न येणारा माणूस हलवतो तसे. मग म्हटलं, "हे नवीन रजिस्टर आहे बेटा. जुनं यवतमाळला गेलं."

ती म्हणाली, "पन तुमी आत्ताच म्हनले का रजिस्टर ठान्यातच राह्यते, कुठं जात नाई."

"बस खाली!" मी ओरडलो. एवढ्या जोरात की बाहेरचा पहारेवाला आत डोकावला. पोरगी मटकन बसली. मास्तरांनी तिलाच डोळे दाखवले. नंतर बिस्किटं वाटताना मी तिच्या हातात दोन पुडे ठेवले. तिनं एक परत दिला. म्हणाली, "सगळ्याले एकच देऊन राह्यले ना."

पोरं गेली. मी खुर्चीत बसलो ते पाणी प्यायला सुद्धा उठलो नाही.

आता ते नऊ वर्षांपूर्वीचं सांगतो. तेव्हा मी याच ठाण्यात हवालदार, लोकांच्या तोंडी जमादार, होतो आणि त्या दिवशी ठाणे अंमलदार, म्हणजे येईल त्याची तक्रार लिहून घेण्याच्या टेबलावर माझी ड्यूटी. पोळ्याचा दुसरा दिवस. आदल्या दिवशीच्या बंदोबस्तानं कंबर मोडलेली, टेबलावर कोणीतरी आणून दिलेल्या पुरणपोळ्या. एक कोलाम माणूस आला, पन्नाशीचा असेल, धुतलेला सदरा, अनवाणी. दारातच उभा राहिला. दोनदा 'ये' म्हटल्यावर आत आला.

त्याचं म्हणणं त्यानं तुटक मराठीत सांगितलं. महिन्यापूर्वी एक मुकादम पोडावर आला, निंदणाच्या कामाला म्हणून तीन पोरींना गाडीत बसवून तेलंगणात घेऊन गेला. पोळ्याला आणून सोडतो म्हणाला. काल पोळ्याला दोन पोरी आल्या. "माही नाई आली, जमादार." पोरीचं वय विचारलं तर म्हणाला, सोळा.

मी पहिला प्रश्न काय विचारला ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहितो. मी विचारलं, "गाडीत बसली ती जागा आमच्या हद्दीत येते का नाल्याच्या पलीकडं?" पोरगी कुठं गेली, हे नाही. हद्द कोणाची, हे. त्याला कळलंच नाही. तो म्हणाला, "नाल्याच्या पलीकडं का अलीकडं, पोरगी त माहीच हाय ना." मी त्याच्यावर खेकसलो. पण जागा आमच्याच हद्दीत निघाली, तेव्हा ती पळवाटही बंद झाली.

सोळा वर्षांची म्हणजे अल्पवयीन. सरळ अपहरणाचा गुन्हा दाखल करायचा, नियम स्पष्ट होता, मला पाठ होता. पण दोन दिवसांनी यवतमाळला क्राईम मीटिंग. दर महिन्याला होणाऱ्या या मीटिंगमध्ये प्रत्येक ठाणेदाराला उभं करून विचारतात, गुन्हे किती वाढले आणि काहून वाढले. म्हणून मीटिंगच्या आधीचे चार दिवस आमच्या ठाण्यात एक रीत होती. ती कुठल्या कायद्यात नाही, पण नव्या शिपायाला ती पहिल्या महिन्यातच कळायची: मीटिंग होईपर्यंत नवीन काही चढवायचं नाही, 'कच्च्यात ठेवायचं'. म्हणजे साध्या कागदावर लिहून घ्यायचं, ड्रॉवरमध्ये टाकायचं, आणि साहेब मीटिंगहून हसतमुखानं परत आले की मग रजिस्टरला घ्यायचं. तेव्हाच्या ठाणेदारांनी निघताना बजावलं होतं, "जमादार, माझ्या मागं काही चढवून ठेवू नका."

मी चढवलं नाही. साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या, त्याचा अंगठा घेतला आणि म्हटलं, जा आता. तो जाईना. तिथंच उभा. "लिवलं का पुस्तकात?" म्हणाला. मला पुरणपोळी थंड होताना दिसत होती. मी त्या कागदाची एक नक्कल केली, त्यावर ठाण्याचा गोल शिक्का ठाणकन मारला आणि त्याच्या हातात दिली. "हे घे. झालं तुझं काम. आता पोलीस शोधतील. तू घरी थांब, इकडं तिकडं फिरू नको, शोध लागला की निरोप येईल." शिक्का पाहून त्याचं तोंड एकदम निवलं. त्यानं कागद कपाळाला लावला.

मीटिंग झाली, साहेब परत आले. पण चौथ्या दिवशी गणपती बसले आणि आम्ही दहा दिवस मंडपांभोवती फिरत राहिलो. विसर्जन झालं, दुर्गा आली. कागद ड्रॉवरमध्येच. एक दिवस ड्रॉवर उपसताना हाताला लागला, तेव्हा दीड महिना होऊन गेला होता. आता चढवावा तर पहिला प्रश्न मलाच येणार: दीड महिना काय झोपले होते? चौकशी, पगारवाढ बंद, कदाचित निलंबन. माझी पोरगी तेव्हा बारावीला होती. मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि घरी जाऊन चुलीत टाकला. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं कोणालाच नाही.

स्वतःला काय समजावलं ते पण सांगून टाकतो. म्हटलं, गेली असेल कोणाबरोबर, येईल पोरगी आपोआप, येतातच. माझी पोरगी कॉलेजातून अर्धा तास उशिरा आली तर मी फाटकात जाऊन उभा राहायचो, आणि त्याच्या पोरीबद्दल मला असं वाटत होतं. थू त्या वाटण्यावर.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. तसाच धुतलेला सदरा. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून कागद काढला, टेबलावर उलगडून ठेवला. "जमादार, काई समजलं का?"

मी म्हटलं, "तपास सुरू आहे."

"बरं," म्हणाला. मी चहा मागवला. चहा पिऊन, कागद पिशवीत घालून गेला. मग दरवर्षी. पोळ्याचा दुसरा दिवस, सदरा, पिशवी, कागद, "काई समजलं का?", "तपास सुरू आहे", चहा. मी त्या चहात साखर जास्त टाकायला सांगायचो, हे माझं प्रायश्चित्त.

मधे माझी चार वर्षं दिग्रसला बदली झाली. मला वाटलं, सुटलो एकदाचा. पहिल्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हा दारात उभा! मुकुटबनहून वणी, वणीहून यवतमाळ, यवतमाळहून दिग्रस, एसट्या बदलत, विचारत विचारत आला होता. मी अक्षरशः उडालोच. म्हटलं, "अरे बाप्पा, इकडं कायले आला? तुझ्या ठाण्यात विचारायचं ना."

"ते नवे हायेत. तुमीच लिवलं ना," तो म्हणाला. "तुमाले सारं मालूम."

चार वर्षांत चार वेळा आला. एकदा कागद पुढं करून म्हणाला, "शिक्का पुसला, जमादार. घामानं. नवा मारून द्या." दिग्रसचा शिक्का त्यावर कसा मारणार? मी म्हटलं, माझी परत तिकडं बदली झाली की मारतो. आणि बदली झाल्यावर, पहिल्याच पोळ्याला, मी आमच्या ठाण्याचा शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दाबला आणि त्या खोट्या कागदावर दुसऱ्यांदा ठाणकन मारला. हात थरथरला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण नाही थरथरला. एकदम नीट, गोल, ठसठशीत उमटला.

ही सगळी हकिगत त्या लाल रिबिनीच्या पोरीनं एका वाक्यात टेबलावर आणून ठेवली. ती त्याच्या मुलाची मुलगी. म्हणजे घरातल्या पोराबाळांना सुद्धा सांगून ठेवलं होतं, की आत्याचं नाव पोलिसांच्या पुस्तकात आहे, ते कोणी खोडू शकत नाही.

रविवारी मी साध्या कपड्यात मोटारसायकलनं पोडावर गेलो. दिवस चांगला वर आला होता. तो अंगणात बांबूच्या कमच्या काढत बसला होता. मला पाहून कोयता टाकून उठला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, गाडी फिरवावी आणि पळून जावं. पोलीस स्वतः घरी आला म्हणजे पोरगी सापडली, असंच वाटणार ना त्याला. काय गाढव मी, एवढंही लक्षात आलं नाही.

"सापडली?" तो म्हणाला.

"नाही. बस. मले काही सांगायचं आहे."

तो बसला नाही. मीही उभाच राहिलो. मी सगळं सांगितलं. क्राईम मीटिंग, कच्चं, ड्रॉवर, चूल. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढं बोललोच नसतो. रजिस्टरमध्ये नाव नाही, कधीच नव्हतं, कागदावरचा शिक्का खरा पण कागद खोटा, हे दोनदा सांगावं लागलं. आतून त्याचा मुलगा बाहेर येऊन दारात उभा राहिला होता.

मग अगदी साधेपणानं, काही हिशेब लागत नसला की माणूस विचारतो तसं, म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग इतके वर्सं तिले कोन शोधत होतं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"कोनीच नाई?"

"नाही."

तो खाली बसला. मग तो माझ्याशी नाही, जमिनीशी बोलल्यासारखा बोलू लागला. "बायको म्हने, चाल, आपन जाऊ, पोरीले पाहू. त्या दोघी पोरी सांगते ना कोन्या गावाले होत्या ते. मीच म्हतलं, पोलीस पायते. जमादारानं सांगतलं, घरी थांब. मी थांबलो." ती बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती. हे मला तेव्हा कळलं. दरवर्षी चहा पाजायचो, पण घरी कोण कोण आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

मला वाटलं होतं तो शिव्या देईल, मारेल, कोयता हाताशीच होता. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या मुलानं मात्र दारातून एकच शब्द म्हटला, कोलामीत, आणि जमिनीवर थुंकला. अर्थ विचारायची गरज नव्हती.

निघताना मी म्हटलं, "उद्या ठाण्यात ये. खरं लिहू." मला वाटलं नव्हतं म्हातारा येईल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, मुलासोबत. आधीच्या नऊ वर्षांत माझ्याकडे यायचा, या वेळी माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही, सरळ ठाणेदार मॅडमच्या खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. मॅडम नवीन होत्या, माझ्या पोरीच्या वयाच्या. मी सकाळीच त्यांना सगळं सांगून बसलो होतो. त्या ऐकून एवढंच म्हणाल्या होत्या, "फौजदार, तुम्ही त्या पोरांना भाषण देत होता ना?" बस. यापेक्षा जास्त बोलायची त्यांना गरजच पडली नाही.

गुन्हा लिहायचा होता. आता सगळं संगणकावर असते, रकाना भरला नाही तर पुढं सरकत नाही. संगणकावरचा शिपाई एकेक रकाना वाचायचा आणि भरायचा. तक्रारदाराचं नाव, मुलीचं नाव, वय, कधीपासून बेपत्ता. मी कोपऱ्यात उभा होतो. मग शिपायानं वाचलं, "तक्रार देण्यास विलंब झाल्याचे कारण," आणि बोटं थांबवून मॅडमकडे पाहिलं.

हा रकाना मी उभ्या जन्मात हजार वेळा भरला असेल. 'अज्ञानामुळे', 'भीतीमुळे', 'नातेवाइकांकडे शोध घेत असल्यामुळे'. उशीर कायम तक्रारदाराचा असतो, फॉर्मच तसा आहे. पोलिसाच्या उशिराला त्यात रकानाच नाही.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच सांगा काय लिहायचं."

मी सांगितलं. 'तक्रारदार यांनी नऊ वर्षांपूर्वी ठाण्यात स्वतः हजर राहून तक्रार दिली होती. त्या दिवशीचे ठाणे अंमलदार यांनी ती नोंदवली नाही व तक्रारदारास खोटा कागद दिला.' मग माझं नाव आणि बक्कल नंबर. एवढं मोठं वाक्य मी भाषणात एका दमात म्हटलं असतं, तिथं चार ठिकाणी थांबलो. शिपाई पोरगा माझ्याच हाताखाली तयार झालेला, त्याची मान खाली.

म्हाताऱ्यानं मुलाला विचारलं, काय लिवलं. मुलानं कोलामीत सांगितलं. तेव्हा तो त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "माहा उशीर नाई ना लिवला?"

"नाही," मी म्हटलं. "तुहा नाही."

मॅडमनी काय केलं, तर त्या दोन पोरींना बोलावलं, ज्या पोळ्याला परत आल्या होत्या. आता दोघींना लेकरं आहेत. दोघींना गावाचं नाव पाठ होतं, शेतमालकाचं नाव पाठ होतं, मुकादमाचं गाव ठाऊक होतं. एका दुपारचं काम. ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच होऊ शकलं असतं, माझ्या टेबलावर, पुरणपोळी बाजूला सारून. मला त्या पोरींना विचारायचं सुचलंच नव्हतं.

आठवड्याभरात आमची गाडी नदीपलीकडं तेलंगणात जाऊन आली. मुकादम मेला होता. पण निंदण संपल्यावर त्यानं पोरीला पुढं एका वीटभट्टीवर नेऊन सोडलं होतं, तो माग शेतमालकाकडून लागला. भट्टी बंद पडली आहे, मुनीम जिवंत आहे. त्यानं माळ्यावरून जुन्या हजेरीच्या वह्या काढून दिल्या. दोन हंगाम ती तिथं होती. आमच्या ठाण्यापासून मोटारसायकलनं अडीच तास. मी ठाण्यात टेबल बडवून नावाचं महत्त्व सांगत होतो तेव्हा, पहिली दोन वर्षं, ती तिथं विटा उचलत होती. त्यानंतर कुठं गेली, कोणी नेलं, मुनीम सांगू शकला नाही. तपास सुरू आहे. हे शब्द आता लिहिताना माझेच मला टोचतात, पण या वेळी ते खरे आहेत.

माझी चौकशी झाली, व्हायचं ते झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. निवृत्त होताना निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं आणि कोणी आग्रहही केला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी सकाळपासून आंघोळ करून, शर्ट घालून ओसरीत बसून राहिलो. बायको म्हणाली, "काहून बसले, कोनी येनार हाय का?" कोणी आलं नाही. येईल तरी कायले, त्याला आता माझं काम नाही.

पण त्याआधी, नोकरीत असतानाच, भट्टीची बातमी मीच त्याला नेऊन दिली होती. मॅडम म्हणाल्या, शिपायाला पाठवते. मी म्हटलं, नाही, मी जातो. तो अंगणातच होता, नात शेजारी बसून पाढे लिहीत होती. मी सांगितलं, पोरगी नाही सापडली, पण दोन हंगाम कुठं होती ते कळलं. भट्टीच्या हजेरीच्या वहीत तिचं नाव निघालं.

"नाव?" तो म्हणाला. "तिचं? पुरं?"

"हो. तिचं, तुहं, आणि पोडाचंही. रोजच्या रोज."

"कोनं लिवलं?"

"भट्टीच्या मुनीमानं."

त्यानं मान हलवली. नातीनं पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग आजोबाकडे.

"त्यानं तरी लिवलं," तो म्हणाला.